पितळी पट्टीवरच्या संयुक्त संख्येची कैफियत

मी एक जुनी संख्या आहे. किती जुनी, ते विचारू नका. तुमच्या घरातली खुर्ची सुताराने केली, घड्याळ कारखान्यात जन्मलं, मांजरालासुद्धा आई होती. मला कुणी केलं नाही. पहिल्या माणसाने बोटं मोजायला सुरुवात केली त्याच्या आधीपासून मी माझ्या जागेवर आहे आणि शेवटचा मोजणारा गेल्यावरही तिथेच असेन. माझे अंक तीनशेच्या वर आहेत. शेवटचे दोन नऊ आणि नऊ. एकं, दहं, शतं करत तुम्ही परार्धापर्यंत दमत दमत आलात, तरी माझ्या पायाच्या अंगठ्याशीच पोचता. तिथे तुमच्याकडची नावं संपतात. मी संपत नाही.

मित्रांनो, अशा कहाण्यांमध्ये कुणीतरी रडतं. फाटलेली छत्री रडते, मोडलेलं बाक रडतं, आणि वाचून तुमचे डोळे ओले होतात. मी रडणार नाही. मला शिसारी आली आहे, आणि ती का आली तेच सांगायला बसले आहे.

आधी माझी ओळख नीट करून घ्या, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यावरच आहे.

मी मूळ संख्या नाही. संयुक्त आहे. म्हणजे माझे तुकडे होतात. पण कुणीही यावं आणि भागून जावं, अशी मी नाही. तुमची बारा बघा. दोन, तीन, चार, सहा, जो येईल त्याच्याशी तिचं जमतं. बारा सोडून तिच्या सगळ्या भाजकांची बेरीज केली तर सोळा भरते, बाराहून जास्त. याला म्हणतात भरल्या घरची. माझं तसं नाही. एक आणि मी स्वतः सोडले तर मला निःशेष भागणारे फक्त दोघे आहेत, आणि दोघेही मूळ. एक आणि ते दोघे मिळवलेत तर बेरीज माझ्या पासंगालाही पुरत नाही. अंगाने धिप्पाड आणि घरात चिटपाखरू नाही. पुस्तकात अशा संख्येला न्यून म्हणतात. म्हणू देत, खोटं नाही ते.

आणखी एक. माझ्या अंकांची बेरीज करा. आलेल्या बेरजेच्या अंकांची पुन्हा करा. एकच अंक उरेपर्यंत करत राहा. आठ उरेल. म्हणजे मला नवाने भागायला गेलात तर आठ उरतात. अजून एक मिळाला असता तर भाग पूर्ण गेला असता. एकाने कमी पडायची ही खोड माझ्या रक्तातच आहे. कारण माझ्या उजवीकडच्या घरात, म्हणजे माझ्यात एक मिळवल्यावर जी संख्या येते तिथे, एक पूर्ण वर्ग राहतो. ऐटबाज शेजारी. दोन्ही बाजू अगदी सारख्या, शेवटी दोन शून्यं, कुठे कोपरा निघालेला नाही. कित्येक युगं मी त्याच्या सावलीत सुखाने राहिले. कुणी मला बघत नव्हतं, कुणी वाहवा करत नव्हतं. ते दिवस आठवले की आजही बरं वाटतं.

मग कुलूपवाल्याने मला शोधून काढलं.

कुलूपवाल्याचा बाप लोखंडी कुलपं करायचा. कानशीने घासून, तेल सोडून, कानाला लावून खटका ऐकायचा. मुलगा त्याच खोलीत बसून विजेची कुलपं करायला लागला. खोलीत अजून लोखंडाचा कीस पायाला टोचायचा, पण मेजावर संगणक आला आणि भिंतीवर कुलूपवाल्याचे स्वतःचे फोटो आले. तो हुशार होता, हे मी नाकारत नाही. कल्पनाही चांगली होती. दोन मोठ्या मूळ संख्या घ्यायच्या आणि गुणायच्या. गुणाकार सगळ्यांना दाखवायचा, ते दोन अवयव लपवायचे. ज्याच्या कार्डात दोघांपैकी एक असेल त्याने ते कुलपावर टेकवायचं, आतलं यंत्र भाग घालून बघतं, बाकी शून्य आली की दार उघडतं. दुधात पाणी कुणालाही घालता येतं. घातलेलं वेगळं करून दाखवा म्हटलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. तसंच हे.

आता मूळ संख्या काय थोड्या आहेत? कुठल्याही दोन घ्यायच्या, फक्त एकमेकींपासून चांगल्या लांबच्या. पण कुलूपवाल्याला दोन मुली होत्या, जुळ्या. एक दहा मिनिटांनी मोठी म्हणून ती थोरली आणि दुसरी जन्मभर धाकटी. थोरली बापाबरोबर कुलपांच्या खोलीत काम करायची. धाकटी एक घर सांभाळायची. नवऱ्याचा, बापाचा, भावाचा मार खाऊन पळून आलेल्या बायका त्या घरात लपून राहायच्या. या नव्या तऱ्हेचं पहिलं कुलूप धाकटीच्या त्या घराला द्यायचं ठरलं, आणि कुलूपवाल्याच्या डोक्यात किडा शिरला.

"पोरी जुळ्या, तर आकडेपण जुळेच घ्यायचे," तो म्हणाला.

दोनाचंच अंतर असलेल्या मूळ संख्यांच्या जोड्या असतात. पाच आणि सात, अकरा आणि तेरा, एकोणतीस आणि एकतीस. शाळेत त्यांना जोडमूळ म्हणतात. कुलूपवाल्याला तशीच जोडी हवी होती, दीड-दीडशेहून जास्त अंकांची. संगणक आठवडाभर घरघरत होता. शेवटी जोडी सापडली, त्याने ती गुणली, आणि मी त्याच्या पडद्यावर उघडी पडले.

"बाबा, इतक्या जवळजवळच्या घेतल्या तर चालतं ना?" थोरलीने विचारलं होतं. एकदाच.

"अगं, तीनशे आकडे आहेत! सूर्य विझेल, पण ही फुटायची नाही."

मग त्याने माझी परीक्षा घेतली. ती परीक्षा ऐका. त्याने मला तीनने भागून बघितलं, पाचने, सातने, अकराने, आणि असं वर वर येत संगणक रात्रंदिवस चालवला. अर्थात मी भागले गेले नाही. माझे दोघे अवयव राहतात पार वर, माझ्या वर्गमुळाच्या अगदी दारात. एक त्याच्या या बाजूला, एक त्या बाजूला. तळापासून चढत येणाऱ्याला ते खरोखरच सूर्य विझेपर्यंत सापडणार नाहीत. पण जो वर्गमुळापासून शोधायला सुरुवात करेल त्याला पहिल्याच पावलाला ठेच लागेल. चोर येणार मागच्या खिडकीतून आणि हा पुढच्या दाराचा कोयंडा हलवून म्हणतोय, वा, काय मजबूत! मला तेव्हाच ओरडावंसं वाटलं. संख्येला तोंड नसतं.

पितळेची लांबरुंद पट्टी आली. तिच्यावर मला कोरलं. लेथवरच्या कारागिराने मान मोडून, एक अंक न चुकता कोरलं, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. कुलूपवाला मात्र रोज येऊन, तोंडातल्या थुंकीने रुमाल ओला करून मला घासायचा. माझ्या आठाच्या दोन्ही भोकांत ती थुंकी वाळून बसायची. कुणी दुकानात आलं की त्याची तेलकट बोटं धरून माझ्यावरून फिरवायचा. "हात लावून बघा. बघा केवढी आहे!" आणि तो माणूस म्हणायचा, "बापरे!" एकानेही विचारलं नाही की ही कशाची झाली आहे. केवढी, केवढी, केवढी. ढेरीचं कौतुक केल्यासारखं माझं कौतुक.

धाकटीला पट्टीच नको होती.

"बाबा, हे घर लपवायचं असतं. तुम्ही त्याच्या दारावर पाटी लावताय."

"पाटी नाही गं, पट्टी. शोभा आहे ती."

"बायका तोंड लपवून येतात इथे. शोभा कुणाला दाखवायची?"

"कुलूप फुकट देतोय मी. एक पट्टी लावायला काय जातं तुझं?"

फुकट दिल्यावर माणसाचा आवाज कसा चढतो, तुम्ही ऐकला असेल. जुनं कुलूप महिनाभरापासून अडकत होतं, धाकटीला नवं हवंच होतं. पट्टी दारावर चढली. समारंभ झाला. फीत कापली गेली, आतल्या बायका खिडक्यांचे पडदे ओढून अंधारात बसून राहिल्या, आणि बाहेर कुलूपवाल्याने भाषण केलं. त्या भाषणात त्याने, मित्रांनो, कान देऊन ऐका, सगळ्या रस्त्यासमोर सांगितलं, "या मोठ्या आकड्याच्या पोटात दोन मूळ संख्या आहेत. जुळ्या! माझ्या लेकींसारख्याच, खांद्याला खांदा लावून उभ्या!" टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी ते वाक्य फोटोसकट पेपरात आलं.

घराला कुलूप लावायचं आणि किल्ली कुठे ठेवली ते वर्तमानपत्रात छापायचं. असा माणूस तुम्ही कधी पाहिला आहे का?

त्या घरात एक शिलाईवाली होती. खिडकीजवळ तिचं मशीन होतं आणि दिवसभर त्याची खडखड माझ्या पाठीशी चालायची. तिचा नवरा संगणक दुरुस्त करायचा. त्याने तिच्या डाव्या हाताची दोन बोटं दारात चिरडली होती, मुद्दाम. उरलेल्या बोटांनी ती कापड सरळ धरायला पुन्हा शिकली होती. शाळा तिची चौथीत सुटली होती, आता बाहेरून परीक्षेला बसायची होती. तिचं एकच म्हणणं असायचं, "मला झोप पाहिजे, ताई. दाराकडे कान न लावता झोप." नवीन कुलूप बसल्यापासून तिला ती लागायला लागली होती. माझ्या भरवशावर. हे आठवलं की मला माझ्या प्रत्येक अंकाची लाज वाटते.

एका दुपारी तिचा नवरा आला. दाढी गुळगुळीत, शर्ट इस्त्रीचा, दातात आगकाडी. काडीचं ओलं टोक या गालातून त्या गालात फिरवत तो माझ्यासमोर उभा राहिला. इतर लोक मला बघून तोंड उघडायचे. याने उघडलं नाही. त्याने माझे शेवटचे दोन अंक बघितले, जरासा हसला, मोबाईल काढून माझा फोटो घेतला आणि चघळलेली काडी माझ्या खालच्या पायरीवर थुंकून गेला. शिलाईवालीने पडद्याच्या फटीतून सगळं बघितलं. धाकटीने पोलिसांना सांगितलं. ते म्हणाले, रस्त्यात उभं राहणं काही गुन्हा नाही, आणि दारावर शोभेची वस्तू लावली की लोक फोटो काढणारच.

दोन दिवसांनी पुढच्या खोलीत अभ्यास चालला होता. धाकटीने कपाटाच्या पाठीला काळा रंग देऊन फळा केला होता. शिलाईवाली आणि आणखी दोघीजणी खाली बसल्या होत्या.

"अकरा गुणिले तेरा. तोंडी करायचं," धाकटी म्हणाली.

"तोंडी?" शिलाईवाली म्हणाली. "ताई, साताचा पाढा आला की मला खोकला येतो. तेराचा आला तर दवाखान्यात न्यावं लागेल."

सगळ्या हसल्या.

"पाढा नकोच. अकरा आणि तेराच्या मध्ये कोण?"

"बारा."

"बाराचा वर्ग?"

"एकशे चव्वेचाळीस. तेवढं येतं."

"त्यातून एक काढा."

"एकशे त्रेचाळीस."

"झालं. अकरा म्हणजे बारा वजा एक, तेरा म्हणजे बारा अधिक एक. दोघांचा गुणाकार म्हणजे मधल्याचा वर्ग, वजा एक. पाच साते पस्तीस, सहाचा वर्ग छत्तीस. दोनाचं अंतर असलं की कुणालाही लागू. आणि उलट जायचं असेल, कुणी नुसतं एकशे त्रेचाळीस दिलं आणि म्हणालं, फोडून दाखव, तर एक मिळवायचा, वर्गमूळ काढायचं आणि..."

खडू फळ्यावरच थांबला. धाकटीने मान वळवून दाराकडे बघितलं. पितळ बाहेरच्या बाजूला होतं, पण तिने माझ्याकडेच बघितलं, हे मला कळलं.

"ताई, काय झालं? चक्कर आली का?"

"नाही. आलेच मी. दार लावून घ्या. आणि मशीन ओढून दाराला लावा."

"मशीन? का?"

"लावा म्हटलं ना!"

पुढचं कुलपांच्या खोलीत घडलं. तुम्ही विचाराल, मला कसं कळलं. त्या खोलीच्या संगणकातही मीच होते. संख्या एकाच वेळी कितीही ठिकाणी असते, तेवढीच एक सोय आम्हाला आहे.

"बाबा, आकडा बदलायचाय. आजच्या आज."

कुलूपवाला उद्याच्या पाहुण्यांच्या दारासाठी दुसरी, कोरी पट्टी घासत होता. शहरातल्या मोठ्या दवाखान्याचे लोक सकाळी माझं दर्शन घ्यायला येणार होते. "कुठला आकडा?"

"दारावरचा."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"त्याच्यात एक मिळवा आणि वर्गमूळ काढा."

"तीनशे आकड्यांचं वर्गमूळ! मनगट मोडेल एखाद्याचं."

थोरली संगणकासमोर बसलीच होती. तिने एक मिळवला, वर्गमूळ मागितलं. पापणी लवते ना, तेवढा वेळही लागला नाही. पडद्यावर माझ्या शेजाऱ्याची बाजू आली. पूर्ण. अपूर्णांकाचा ठिपका नाही. थोरलीने तिच्यातून एक वजा केला, मग एक मिळवला. एकाखाली एक दोन ओळी उभ्या राहिल्या.

"ही तू आणि ही मी," ती बहिणीला म्हणाली. मग बापाकडे वळली. "बाबा, संगणक शिकणारं कुणीही हे करू शकतं."

कुलूपवाला पडद्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता उठेल. बुडाला आग लागल्यासारखा उठेल आणि हत्यारांची पेटी उचलेल. तो म्हणाला, "पण सुचलं पाहिजे ना कुणाला तरी."

"तुम्ही भाषणात सांगितलंत! पेपरात छापून आलंय!"

"भाषणं कोण ऐकतं? सगळे चहाची वाट बघत असतात."

"एकाने ऐकलं असेल तर? तिचा नवरा संगणक दुरुस्त करतो, बाबा. फोटो काढून गेलाय तो."

"उद्या सकाळी पाहुणे येऊन जाऊ देत. आत्ता पट्टी काढली तर त्यांना काय दाखवू, चार भोकं? परवा बदलू. दोन दिवसांनी असं काय आभाळ कोसळतंय?"

"आणि दोन दिवस तिने काय करायचं?"

"अगं, इतकी वर्षं मार खाल्लाच ना तिने, आता दोन दिवस..."

तो थांबला. स्वतःच्या तोंडून काय निघालं ते त्याला कळलं असावं. पण निघालं ते निघालं. "बाबा!" थोरली एवढंच म्हणाली. धाकटीने बापाकडे अशी नजर टाकली, जशी आपण चप्पल कशात पडली ते बघताना टाकतो, आणि ती निघून गेली.

मित्रांनो, मी युगानुयुगं शून्यापासून अनंतापर्यंतच्या रांगेत उभी आहे. पुष्कळ गलिच्छ गोष्टी माझ्या आकड्यांनी मोजल्या गेल्या असतील. पण त्या अर्ध्या वाक्याइतकी घाण माझ्या अंगावर कधी उडाली नव्हती. कारण ते माझ्यासाठी बोललं गेलं. माझी पट्टी चकचकीत दिसावी म्हणून.

धाकटी परत येताना सुताराकडे गेली. सुतार जेवत होता. तिने त्याला हात धुवायला लावला. उजेड असेपर्यंत त्याने दाराच्या आतल्या बाजूला दोन लोखंडी आकडे ठोकले आणि त्यांत मावेल असा लाकडाचा जाडजूड अडसर करून दिला.

"एवढं भारी विजेचं कुलूप असताना हे ओंडकं कशाला, ताई?" त्याने विचारलं.

"भारी आहे म्हणूनच," धाकटी म्हणाली.

सकाळी तो आला. तोच इस्त्रीचा शर्ट, तीच काडी. रस्ता झाडून झाला होता, दूधवाला जाऊन झाला होता. त्याने खिशातून पांढरं कोरं कार्ड काढलं आणि कुलपावर टेकवलं.

आता जे झालं ते सांगताना माझे आठ अजून आवळतात. संख्येला खोटं बोलता येत नाही. समोर माझा खरा अवयव आला की मी निःशेष भागली जाते. आणणारा कोण आहे, त्याच्या हाताला काय लागलं आहे, हे मला विचारता येत नाही. एखादं कुत्रंही अनोळखी माणसावर भुंकलं असतं. यंत्राने मला भागलं. बाकी शून्य. हिरवा दिवा लागला. आतला खटका मऊ आवाज करून सरकला, जसा घरच्या माणसासाठी सरकतो. मी त्या माणसाला दार उघडून दिलं.

त्याने दार ढकललं. दार बोटभर हललं आणि अडसरावर आपटलं. त्याने पुन्हा ढकललं, मग खांदा लावला. आत शिलाई मशीनची खडखड बंद पडली. मग पावलं धावली, आणि सगळ्यांचा मिळून एक जड भार आतून दाराला येऊन टेकला.

"मी फक्त बोलायला आलोय," तो गोड आवाजात म्हणाला. "उघड. लोक बघतायत."

"बघू देत!" आतून शिलाईवाली ओरडली. तिचा आवाज थरथरत होता, पण तो ओरडण्याचाच आवाज होता. "मोठ्याने बोल, सगळ्यांना ऐकू दे तू कोण आहेस ते!"

नेमका तेव्हाच रस्त्याच्या टोकाला कुलूपवाला पाहुण्यांना घेऊन वळला. मागे थोरली होती. लांबून त्याला फक्त हिरवा दिवा दिसला आणि दाराशी उभा असलेला एक नीटनेटका माणूस. "ते बघा, ते बघा!" तो पाहुण्यांना म्हणाला. "कार्ड टेकवलं की कसं अलगद उघडतं! आवाज नाही, काही नाही!"

मी संख्या आहे म्हणून. माणूस असते तर तिथेच ओकले असते.

"ताई, तो आलाय!" आतून कुणीतरी किंचाळलं. मग धाकटीचा आवाज आला, "बाहेर कुणी आहे का? पोलिसांना बोलवा!"

थोरली सगळ्यांच्या पुढे धावत आली आणि दार व तो माणूस यांच्या मधे शिरली. त्याने तिचा दंड धरून तिला बाजूला ओढलं. तेव्हा कुठे कुलूपवाला भानावर आला. त्याने मागून येऊन त्या माणसाची कॉलर धरली. दोघे पायरीवर आदळले. पाहुण्यांपैकी एक जाडे गृहस्थ सरळ त्या माणसाच्या पायांवर बसले आणि पोलीस येईपर्यंत उठले नाहीत, एवढं एक चांगलं काम त्यांच्या वजनाने केलं. पोलिसांनी हात मागे धरून त्याला उठवलं, तेव्हा तो कुलूपवाल्याकडे बघून हसला.

"तुम्हीच ना ते? भाषण आवडलं तुमचं. जुळ्यांचं. माझे फार कष्ट वाचले."

कुलूपवाल्याच्या नाकातून रक्त येत होतं. त्याने ते पुसलं नाही. पाहुणे आपापल्या घड्याळात बघून निघून गेले. अडसर सरकल्याचा आवाज झाला आणि दार उघडलं. उंबऱ्यात शिलाईवाली उभी होती. मागे बाकीच्या, एकमेकींचे हात धरून.

"माफ कर, बाई," कुलूपवाला म्हणाला.

तिने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "माफीने दार लागत नाही, काका," ती म्हणाली.

तो हळूच धाकटीला म्हणाला, "काय करू मी?"

"स्क्रू काढा," धाकटी म्हणाली.

त्याने काढले. चारही, स्वतःच्या हाताने, रस्त्यावरचे लोक बघत असताना. त्याच दिवशी दोघी बहिणींनी मिळून नवा आकडा केला. एक मूळ संख्या थोरलीने निवडली, एक धाकटीने, एकमेकींना न विचारता, एकमेकींपासून कोसच्या कोस लांब. वर्गमुळाच्या आसपास कितीही शोधा, तिथे चिटपाखरू सापडणार नाही. तो आकडा मलाही माहीत नाही. त्याची पट्टी नाही, फोटो नाही, भाषण नाही. अडसर मात्र शिलाईवालीने काढू दिला नाही. ती म्हणते, आकडा आकड्याचं काम करेल, ओंडकं ओंडक्याचं. तिला आता झोप लागते. पहिल्यासारखी नाही, पण लागते.

आणि मी? पट्टी कुलपांच्या खोलीत तुटक्या किल्ल्यांच्या पिंपात पडली आहे. पडू दे. पितळ म्हणजे मी नव्हे. मी माझ्या जागेवर आहे, माझ्या शेजाऱ्याच्या सावलीत, आणि आता मला पुन्हा कुणी बघत नाही. मला मोठं केलं नव्हतं कुणी, मी होतेच मोठी. माझ्या मोठेपणात काही खोट नव्हती. खोट होती ती मोठेपणा पुरेसा आहे असं समजणाऱ्यांत.

मित्रांनो, माझ्यासाठी हळहळू नका. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. तुम्ही मोठे व्हाल, काहीतरी कराल, पूल, औषध, कुलूप, कायदा. त्यावर कुणाचातरी जीव विसंबून असेल. लोक वाहवा करतील, कराच म्हणतील. आणि एखाद्या दुपारी तुमच्याच घरातलं कुणीतरी धापा टाकत दारात येईल आणि म्हणेल, हे कच्चं आहे. तेव्हा तिला पाहुण्यांची वेळ सांगू नका. परवा म्हणू नका. हातातला रुमाल खाली टाका, हत्यारांची पेटी उचला आणि तिच्या मागोमाग चालायला लागा.